नदीकाठी झाड लावण्याआधी पाणी मोजा: कृष्णा, कोयना, येरळेच्या काठासाठी टप्प्याटप्प्याची रीत

जुलैचा पहिला आठवडा उजाडला की मला चार-पाच फोन ठरलेले. "सर, काठावर लावायला दोनशे रोपं मिळाली आहेत. कोणती कुठं लावू?" मी विचारतो, "तुमच्या बंधाऱ्याचे बरगे कुठल्या महिन्यात घालतात?" पलीकडे शांतता. मग हळूच, "त्याचा काय संबंध?"

सगळा संबंध तोच आहे. बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्याच्या गाळ्यांत घालतात त्या फळ्या. आमच्या गटाने पहिल्या वर्षी जुलैत तीनशे रोपं लावली होती. महिनाअखेरच्या पुरात ती गेली. दुसऱ्या वर्षी शहाणे होऊन ऑक्टोबरात लावली, पाण्याच्या अगदी कडेला. नोव्हेंबरात बरगे पडले, पाणी तीन फूट चढलं आणि रोपं उभ्या उभ्या कुजली. तिसऱ्या वर्षी आम्ही काहीच लावलं नाही, नुसतं पाणी मोजलं. कामाला खरी सुरुवात तिथून झाली.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटला की मेहनत पाण्यात जाते, अगदी शब्दशः.

सुरू करण्याआधी: पाणी नेमकं कुठं बदललंय

धरणं नव्हती तेव्हा काठाचं वर्ष ठरलेलं होतं. जून ते सप्टेंबर लहानमोठे पूर यायचे, काठ खरवडायचे, जुनं गवत आणि कमकुवत झुडपं उपटून न्यायचे. मग पाणी सावकाश उतरायचं आणि ओली, मोकळी वाळू व गाळ उघडा पडायचा. वाळुंजाचं (नदीकाठी वाढणाऱ्या विलोच्या झाडाचं) कापसासारखं हलकं बी त्या ओल्या गाळावर पडून रुजायचं. ते फार दिवस जिवंत राहत नाही, वेळेवर ओली मोकळी जागा मिळाली तरच उगवतं. उगवलेलं मूळ उतरत्या ओलीमागे खाली जायचं. उन्हाळ्यात काठ वाळायचा, तेव्हा ज्यांची मुळं खोल गेली तेवढीच झाडं टिकायची. करंज, उंबर, वाळुंज, शेरणी, निर्गुडी ही मंडळी याच पंचांगावर वाढलेली.

ते पंचांग आता तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडलं आहे. आपल्या गावाची तऱ्हा कोणती, ते आधी ओळखा.

पहिली तऱ्हा बंधाऱ्याच्या तुंबीची. कराडपासून सांगली-म्हैसाळपर्यंत कृष्णेवर बंधाऱ्यामागे पाणी अडतं. बरगे असेपर्यंत पाण्याची पातळी जवळपास एकाच रेषेवर राहते. पाणी हलत नाही, त्यात उसाच्या रानातलं खत आणि गावांचं सांडपाणी उतरतं. तरंगणाऱ्या आणि कांडीतून फुटणाऱ्या वनस्पतींना याहून चांगली जागा नाही. जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, आणि बेशरम इथंच माजतात.

दुसरी तऱ्हा धरणाखालच्या चढउताराची. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाच्या हिशेबाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे वळतं, ते कराडच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर, येतच नाही. खाली जे येतं ते धरणाच्या पायथ्याचं वीजगृह आणि सिंचनाच्या मागणीप्रमाणे, कमीजास्त होत. पावसाळ्याचे पहिले पूर धरण भरण्यात जातात, मग दरवाजे उघडले की एकदम लोंढा. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि वारणा धरणांखाली थोड्याफार फरकाने हेच. काठावरचं रोप एका आठवड्यात बुडतं आणि उघडंही पडतं.

तिसरी तऱ्हा कोरड्या नद्यांची: येरळा, माणगंगा, अग्रणी. यांचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडायचं आणि तहानलेल्या उपऱ्या झुडपांना तोच लगाम असायचा. आता जिहे-कठापूर, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी भर उन्हाळ्यात आवर्तनाने, म्हणजे ठरावीक पाळीने, येतं. शेतकऱ्याला ते हवंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पाण्यावर पात्रातली वेडी बाभूळ, बेशरम आणि पाणकणीसही पोसतात.

टप्पा १: पाण्याची खूण लावा आणि पावसाळा लागेपर्यंत वाचा

ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करा. पात्रात काठी रोवू नका, पहिल्याच सोडलेल्या पाण्यात ती जाते. घाटाच्या पायऱ्या, पुलाचा खांब किंवा जॅकवेलची (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीची) भिंत यांपैकी जे पक्कं असेल त्यावर ऑइलपेंटने दर अर्ध्या फुटाला रेघ मारा. शून्य कुठंही धरा, पण एकदा धरलं की बदलायचं नाही.

आठवड्यातून दोनदा वाचन, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. धरणाखालच्या गावांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. वहीत रकाने एवढेच: तारीख, वेळ, पातळी, बरगे आहेत की काढलेत, आवर्तन चालू की बंद, पाणी वाहतं की उभं.

शेवटच्या रकान्यासाठी सोपी युक्ती आहे. काठाने दहा मीटर अंतर मोजा, वाळलेलं पान पाण्यात टाका, मोबाइलवर सेकंद मोजा. आमच्या घाटाखाली जानेवारीत पान दहा मीटर जायला सव्वाचार मिनिटं घेत होतं. एकदा तर वाऱ्याने ते उलटं फिरून माझ्या पायाशी आलं. त्या दिवशी वहीत "उभं" लिहिलं.

सांगलीच्या आसपास असाल तर पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी रोज बातम्यांत येते. तिथं ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. तुमच्या घाटावरच्या रेघेशी तिची सांगड एकदा घालून ठेवा: पुलावर २० फूट असताना आपल्याकडे कितवी पायरी, ३० असताना कितवी. पुढे पावसाळ्यात घरबसल्या कळतं की आपली लावण बुडाली की नाही.

*तपासा:* वहीत या चार गोष्टी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. बरगे घातल्याची तारीख. घातल्यावर पाणी किती चढलं. बरगे काढल्याची तारीख. काढल्यावर किती दिवसांत किती उतरलं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे विसरतात. उत्तर अमेरिकेत वाळुंजाच्या जातभाईंवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की पाणी रोज साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच, उतरलं तर कोवळ्या रोपाचं मूळ ओलीमागे जाऊ शकतं. त्याहून बराच वेग असला की मूळ मागे राहतं आणि रोप वाळतं. आपल्याकडे बरगे एकदम काढले की पाणी दोन दिवसांत तीन-चार फूट खाली येताना मी पाहिलंय. त्या काठावर बियांपासून वाळुंज का येत नाही, हे यात आलं.

टप्पा २: काठाचे चार पट्टे पाडा

काठ म्हणजे एक जागा नव्हे. पाण्यापासून मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानापर्यंत किमान चार पट्टे असतात आणि प्रत्येकाचं झाड वेगळं.

अ पट्टा: बाराही महिने पाण्यात किंवा पाण्याला लागून.
ब पट्टा: बरगे असताना पाण्यात, काढल्यावर उघडा. किंवा वीजगृहाच्या पाण्याने चढउतार होणारा.
क पट्टा: दर पावसाळ्यात एक-दोनदा बुडतो, एरवी कोरडा.
ड पट्टा: मोठ्या पुरातच बुडतो. यात मळीची रानं येतात.

अ आणि ब यांची हद्द टप्पा १ च्या वहीतून मिळते. क आणि ड साठी काठच वाचावा लागतो. झाडांच्या खोडावरची गाळाची रेघ बघा. फांद्यांत अडकलेल्या चिंध्या, प्लॅस्टिक आणि उसाचं पाचट नेहमीच्या पुराची उंची सांगतात. २०१९ ची खूण यासाठी धरू नका. तेव्हा आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ती नेहमीची रेघ नव्हे. शंका आली तर काठावरच्या जुन्या मोटारवाल्याला विचारा. "दर साली मोटार कुठवर उचलून ठेवता?" या प्रश्नाचं त्याचं उत्तर म्हणजे क पट्ट्याची वरची हद्द.

उंची मोजायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या नका ठोकू, दगडावर रंगाचे ठिपके द्या. खुंट्या शेरडं राखणारी पोरं जाळतात, आम्ही दोनदा अनुभवलंय.

टप्पा ३: कोण कुठं उभं आहे, ते लिहा

हा टप्पा गाळायचा मोह होतो, कारण यात हाताला काही केल्यासारखं वाटत नाही. गाळू नका. कोणती वनस्पती कुठल्या पट्ट्यात आहे हे कळलं की पाण्याने कोणाची बाजू घेतली ते दिसतं.

शंभर पावलं काठाने चाला आणि दर दहा पावलांवर पाण्यापासून वर मळीपर्यंत एक रेघ कल्पून प्रत्येक पट्ट्यात एक मीटरच्या चौकोनात काय काय आहे ते लिहा. नाव येत नसेल तर फोटो काढा आणि खुणेचं नाव द्या. डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा.

इथं चार गल्लती हमखास होतात.

शेरणीला लोक जंगली कण्हेर समजून तोडतात. कण्हेराची पानं एका पेरावर तीन-तीन येतात, शेरणीची एकाआड एक. खडकाच्या फटीत, वाहत्या धारेत जी चिवट झुडपं पुरात आडवी पडून पुन्हा उभी राहतात ती शेरणी. तिला हात लावू नका. धरणाखाली धार आटली किंवा बंधाऱ्याची तुंबी आली की ती आधी जाते, म्हणून ती दिसली तर तिथलं पाणी अजून बऱ्यापैकी वाहतंय असं समजा.

पाणकणीस उपरं नाही, आपलंच आहे. तुंबीत ते माजतं खरं, पण त्यात सुगरणी आणि पाणकोंबड्या घरटी करतात. समूळ काढायचं नसतं, फक्त मोटारीच्या पाइपाजवळचं आणि धार अडवणारं आवरायचं.

बेशरमची जांभळट, कर्ण्यासारखी फुलं सगळ्यांना माहीत असतात, पण बिनफुलाचं कोवळं झुडूप रताळ्याच्या वेलासारखं दिसतं. पान खुडा, पांढरा चीक येईल. पण चीक रताळ्यालाही येतो, म्हणून खोड बघा. बेशरमचं खोड उभं आणि आतून पोकळ.

चौथी गल्लत उंबराच्या आणि करंजाच्या रोपट्यांची. काठ "स्वच्छ" करताना तीही कोयत्याखाली जातात. मोहिमेआधी एका माणसाने फिरून राखायच्या प्रत्येक रोपाला लाल चिंधी बांधावी.

*सावधान:* भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. पहाटे, सांजवेळी आणि रात्री अ आणि ब पट्ट्यात काम करायचं नाही. एकट्याने कधीच नाही. काठाच्या मातीवर पोट घसरल्याची गुळगुळीत पन्हळ दिसली तर ती जागा सोडा. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठात खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. भुसभुशीत उकरलेली जागा दिसली तर खणू नका, वन विभागाला कळवा. पाणकणसात आणि बेशरमच्या जाळीत घोणसही असते. गुडघ्यापर्यंतचे बूट घाला आणि आधी काठीने झोडपून मगच आत शिरा.

टप्पा ४: कागद

थोडक्यात सांगतो. पात्र सरकारी असतं, मळी बहुतेक खासगी असते आणि दोन्हींच्या मधली हद्द पुरागणिक सरकल्यासारखी वाटते. तलाठ्याकडून हद्द समजून घ्या, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, पाटबंधारे विभागाला पत्र द्या. मोठं झाड तोडायचं असेल, अगदी वेडी बाभूळ असली तरी, आधी वन विभाग किंवा तहसीलमध्ये विचारा. काठालगतच्या शेतकऱ्याशी स्वतः बोला. त्याची मोटार आणि पाइप तिथंच आहेत. त्याला न विचारता लावलेलं झाड पहिल्या उन्हाळ्यातच तुटतं आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही.

टप्पा ५: उपरी झाडं काढा, पण ठरलेल्या महिन्यात

नियम एकच: बी धरायच्या आधी, वरच्या अंगाकडून खाली आणि काढलेला माल पुराच्या रेघेच्या वर. खालून सुरू केलं तर वरून येणाऱ्या कांड्या तुमचं साफ केलेलं पुन्हा भरतात.

*जलपर्णी, डिसेंबर ते फेब्रुवारी.* थंडीत तिची वाढ मंदावते आणि बरगे असल्याने ती एका जागी सापडते. फुलायच्या आत काढा, कारण तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला बांबू बांधून आडवा अडसर टाका, जलपर्णी तिथं गोळा होते, मग दाताळ्याने ओढा. ओली असताना ती बहुतांश पाणीच असते, म्हणून लगेच ट्रॉलीत भरू नका. काठावर दोन दिवस निथळू द्या, मग क पट्ट्याच्या वर नेऊन खतासाठी रचा.

बरगे काढताना तिला "जाऊ दे पुढं" म्हणून सोडणं ही आपली जुनी खोड. पुढं म्हणजे पुढचं गाव. आणि गावचा नाला नदीत जिथं मिळतो तिथं काही उपाय झाला नाही तर पुढच्या वर्षी ती परत येणार, हे मोहिमेच्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्या वर्षी माणसं येत नाहीत.

*बेशरम, मार्च ते मे.* माती कोरडी असताना कुदळीने बुडखा मुळासकट काढायचा. नुसती छाटणी म्हणजे तिची लागवडच, कारण ओल्या मातीला टेकलेली प्रत्येक कांडी फुटते. आमची सगळ्यात महागडी चूक इथली. एका मे महिन्यात आम्ही दीड एकरभर बेशरम काढली, काठावरच ढीग घातला, फोटो काढले, चहा प्यायलो. जूनच्या शेवटी पाणी चढलं आणि ढीग उचलला गेला. पुढच्या हिवाळ्यात खालच्या दोन गावांच्या काठावर बेशरमची नवी रांग होती, अगदी ओळीत, जणू कोणी लावलीय. त्या गावच्या सरपंचांनी मला ती नेऊन दाखवली. काही बोलले नाहीत, नुसती दाखवली.

तेव्हापासून माल मुरमावर किंवा खडकावर पसरतो आणि कांडी वाकवल्यावर कडकन मोडेपर्यंत हलवत नाही. वाकली तर अजून जिवंत आहे. शेरडांना घालू नका. टंचाईत शेरडं तिला तोंड लावतात, मग त्यांना तिचीच चटक लागते. त्यातलं विष मज्जासंस्थेवर चढतं, जनावर थरथरतं आणि झोकांड्या खातं.

*वेडी बाभूळ, शेंगा पिकायच्या आत.* येरळा, माणगंगेच्या पात्रात हीच मुख्य. वरून तोडली की बुडातून दहा फुटवे येतात. खोडाभोवती वीतभर खोल खणून बुडखा मातीखालून तोडायला लागतो. पिकलेल्या शेंगा जनावरं खातात आणि शेणातून बी पेरत फिरतात, म्हणून कळप हिंडवण्याच्या वाटेवरची झाडं आधी घ्या.

*गाजरगवत आणि शंकेश्वर.* पहिलं फुलायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून उपटा. अंगाला खाज आणि दमा असणाऱ्यांनी लांब राहावं. दुसऱ्याची काटेरी बोंडं टणक व्हायच्या आत, साधारण सप्टेंबरात. दोन्हींचं आवडतं ठिकाण क पट्टा, पूर ओसरल्यावर उघडा पडलेला.

*सावधान:* एका उन्हाळ्यात सगळा काठ उघडा करू नका. बेशरम वाईट असली तरी तिच्या मुळांनी माती धरलेली असते. आम्ही पंधरा मीटर काढतो, पंधरा मीटर ठेवतो आणि ठेवलेली पट्टी पुढच्या वर्षी काढतो. उभा, ढासळता काठ असेल तर खणू नका. तिथं वरून कापत राहा आणि मागे लावलेलं झाड मोठं होऊ द्या.

तणनाशक काठावर नको. खालच्या अंगाला कुणाची तरी पिण्याच्या पाण्याची जॅकवेल असते.

टप्पा ६: लावण

आता झाडं. पट्टा, महिना आणि झाड या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच.

*ड पट्टा:* हाच एक पट्टा जिथं जूनची लावण चालते. जांभूळ, उंबर, अर्जुन, शिंदी. जांभळाचं बी ठेवून ठेवू नका, फळ खाल्लं की आठवडाभरात मातीत गेलं पाहिजे. शेतकऱ्याच्या बांधाला सावली पडते म्हणून तक्रार येईल, त्याच्या पसंतीचं झाड द्या.

*क पट्टा:* करंज. बी थेट पेरा, रोपवाटिकेतली पिशवी नको. पिशवीतल्या रोपाची मुळं गोल फिरलेली असतात आणि पुरात ते बुचासारखं निघतं. बियांपासून जागेवर आलेला करंज पहिल्या वर्षी वीतभरच दिसतो, पण खाली सोटमूळ गेलेलं असतं. सोबत निर्गुडीच्या कांड्या आणि वाळ्याचे ठोंब. वाळा काठाला समांतर रांगेत, ठोंबात वीतभर अंतर, म्हणजे गाळ अडतो आणि करंजाला आधार होतो.

*ब पट्टा:* खरी परीक्षा इथं. पाणी उतरलं म्हणून ऑक्टोबरात लावायला धावू नका. वही उघडा आणि बरगे घालण्याची तारीख व त्यानंतरची पातळी बघा. *बरगे घातल्यावर येणाऱ्या पाण्याच्या रेघेपासून वर एक फूट* ही तुमची खालची हद्द, म्हणजे लावण ब पट्ट्याच्या लगेच वरच्या कडेला. आम्ही दुसऱ्या वर्षी या रेघेखाली लावलं होतं.

तिथं वाळुंज, बियांनी नव्हे, कांडीने. पावसाळ्याच्या शेवटी त्याची पानं झडतात, तेव्हा अंगठ्याएवढ्या जाडीच्या, तीन-चार फूट लांब कांड्या घ्या. खालचं टोक तिरकं कापा म्हणजे वर-खाल ओळखू येतं. उलटी रोवलेली कांडी नीट फुटत नाही, आणि वीस जण रोवायला लागले की दोन-चार उलट्या जातातच. पहारीने भोक पाडून कांडीचे दोन भाग जमिनीत, एक भाग वर. खालचं टोक ओलीला लागलं पाहिजे: भोकात हात घालून माती मुठीत दाबा, गोळा झाला तर ठीक. नाही झाला तर अजून वीतभर खाली जा. माती पायाने घट्ट दाबा, पोकळी राहिली की कांडी वाळते.

बियांपासून आलेल्या वाळुंजाला ओल कुठपर्यंत उतरते हे शोधत जावं लागतं, लांब कांडीला ते आधीच मिळालेलं असतं. पाण्याचं पंचांग बिघडलेल्या काठावर कांडीचा उपयोग एवढाच, पण मोठा.

*अ पट्टा:* तुंबीच्या पाण्यात इथं झाड लावायचा हट्ट सोडा. लव्हाळा येतो, पाणकणीस आपणहून येतं, तेवढं पुरे. शेरणी फक्त तिथंच जिथं पान दहा मीटर काही सेकंदांत जातं आणि तळाला खडक आहे. तुंबीत लावलेली शेरणी टिकलेली मी अजून पाहिली नाही.

*तपासा:* लावून झाल्यावर प्रत्येक पट्ट्यातली संख्या वेगळी लिहा. "एकूण ४०० रोपं" या आकड्याचा कुणालाच उपयोग नाही.

टप्पा ७: पाणी उतरवण्याची गती मागून बघा

हे आपल्या हातात पूर्ण नाही, पण विचारायला हरकत नाही. पावसाळ्यापूर्वी बरगे काढायचेच असतात. सगळे एका दिवशी न काढता आठ-दहा दिवसांत थोडे थोडे काढता येतील का, हे बंधाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला आणि पाणी वापर संस्थेला आधी भेटून विचारा. मे महिन्याच्या मध्यावर, हातात वही घेऊन. वहीत "दोन दिवसांत साडेतीन फूट" असा आकडा असला की बोलणं लवकर होतं. आवर्तनाच्या दिवसांत किंवा उपसाबंदी असताना हा विषय काढू नका, ऐकून घेणारं कुणी नसतं. पूर तोंडावर असेल तर अजिबात नको. तेव्हा बरगे झटपट निघणंच योग्य.

कोयनेच्या धरणाखालच्या गावांना हा टप्पा लागू नाही. तिथं चढउतार वीजगृहाप्रमाणे होतो, तुम्ही ब पट्टाच थोडा वर सरकवा.

टप्पा ८: पुरानंतरची फेरी

लावणीच्या दिवशी शंभर माणसं असतात, या फेरीला चार. तरी तीन पावसाळे ही फेरी चुकवायची नाही.

पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांच्या आत जा, गाळ ओला आहे तोवर. आडवी पडलेली वाळुंजाची कांडी उपटू नका, ती आडवीच फुटते. गाळाने पुरलेल्या करंजाच्या शेंड्याभोवतीचा गाळ बोटांनी बाजूला करा. रोपाला अडकलेलं प्लॅस्टिक आणि पाचट काढा, पुढच्या पाण्यात त्याचं वजन रोप उपटतं. पट्टावार मोजा. ब पट्ट्यात दहापैकी तीन जगली तर मी चांगलं म्हणतो. ड पट्ट्यात दहापैकी सात तरी हवीत, नसतील तर शेरडांची वाट बघा कुठून आहे.

आणि बेशरमच्या कांड्या वेचा. वरून वाहून आलेल्या त्या नेमक्या तुमच्या वाळ्याच्या रांगेत अडकतात आणि आठवड्यात पांढरी मुळं सोडतात. पिशवीत भरून वर आणा, खडकावर पसरा, कडकन मोडेपर्यंत.

गेल्या फेरीत आम्हाला दोन पोती मिळाली. वहीत तारीख आणि "२ पोती" असं लिहिलंय, पुढच्या वर्षी किती ते बघू.